अमेरिकेतल्या वीज, गॅस आणि फोनच्या सरकारी नोटिसा वाचायच्या कशा

मार्च २०१८ च्या अखेरीस ‘मेरिडियन स्पिरिट’ नावाचं जहाज दाभोळच्या टर्मिनलला लागलं. त्यात अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या सबीन पास इथून भरलेला, थंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू होता. गेल कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये वर्षाला ३५ लाख टनांचा, २० वर्षांसाठीचा करार केला होता, त्यातला हा पहिला माल. एन्रॉनमुळे घराघरात पोचलेल्या दाभोळच्या नावाला त्या दिवशी जरा बऱ्या कारणाने बातमीत जागा मिळाली. जहाज दिसलं, मंत्री दिसले, कराराचे आकडे छापून आले. या सगळ्याच्या मुळाशी असलेला एक कागद मात्र कुणाच्या नजरेस पडला नाही. ती होती ऑक्टोबर २०१० मध्ये वॉशिंग्टनला छापली गेलेली एक नोटीस.

त्या नोटिशीत अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने म्हटलं होतं, की सबीन पासच्या कंपनीने ज्या देशांशी अमेरिकेचा मुक्त व्यापार करार नाही अशा देशांनाही वायू विकण्याची परवानगी मागितली आहे, आणि कुणाला काही म्हणायचं असेल तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत म्हणावं. असा करार असलेल्या देशांना वायू पाठवायला परवानगी द्यावीच लागते, कायदाच तसा आहे. बाकीच्या देशांसाठी मात्र ऊर्जा खात्याला जनहित तपासावं लागतं. भारत या दुसऱ्या यादीत येतो, म्हणून त्या नोटिशीवर दाभोळचंही काही अवलंबून होतं. वायू बाहेर गेला तर देशातला भाव चढेल, असा आक्षेप सार्वजनिक मालकीच्या गॅसपुरवठा संस्थांच्या संघटनेने मुदतीत नोंदवला. खात्याने तो ऐकून घेतला, त्याला उत्तर दिलं आणि मे २०११ मध्ये अटी घालून परवानगी दिली. सिएरा क्लब ही पर्यावरणवाद्यांची जुनी आणि मोठी संघटना आली एप्रिल २०१२ मध्ये, मुदत संपून वर्ष उलटल्यावर. तिला त्या प्रकरणात पक्षकार करून घ्यायला खात्याने नकार दिला. मुद्दे बरोबर की चूक हा प्रश्न तिथे निघालाच नाही. तारीख छापली होती आणि ती टळून गेली होती.

म्हणून अशा नोटिसा बातमी म्हणून वाचू नयेत. त्यातली प्रत्येक नोटीस काही दिवसांपुरता तुम्हाला एक हक्क देते आणि मुदत संपली की तो काढून घेते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांना हे कुणीतरी नीट सांगायला हवं, असं मला फार दिवसांपासून वाटतं. आपल्यापैकी बरेच जण समजतात की मत नाही म्हणजे बोलायचा अधिकारही नाही. ते खरं नाही. या प्रक्रियेचा कायदा ‘संबंधित व्यक्ती’ असं म्हणतो; नागरिकत्वाची अट घालत नाही. एच-वन-बीवर असलेला माणूसही वीजदराबद्दल किंवा इंटरनेटच्या नियमाबद्दल लेखी म्हणणं देऊ शकतो. महाराष्ट्रात वीज नियामक आयोग दरवाढीच्या प्रस्तावावर हरकती व सूचना मागवतो, तोच प्रकार इथे देशपातळीवर, रोजच्या रोज चालतो.

या नोटिसा छापल्या जातात फेडरल रजिस्टर नावाच्या राजपत्रात. कामकाजाच्या प्रत्येक दिवशी त्याचा अंक निघतो आणि इंटरनेटवर तो फुकट वाचता येतो. या राजपत्राचा जन्मही एका ऊर्जेच्या खटल्यातूनच झाला. मंदीच्या काळात टेक्सासमध्ये तेल इतकं उपसलं जात होतं की भाव कोसळले. रूझवेल्ट सरकारने उत्पादनावर मर्यादा घातली आणि ती मोडणाऱ्यांवर कारवाई सुरू केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, तेव्हा कळलं की ज्या कलमाखाली कारवाई चालली होती ते कलम सप्टेंबर १९३३ च्या एका दुरुस्तीत चुकून गळून गेलं होतं! तेलकंपन्यांना याचा पत्ता नव्हता, खालच्या न्यायालयांना नव्हता, आणि वर्षभर सरकारलाही नव्हता. नियम एका जागी छापण्याची सोयच नव्हती, तर कळणार कुठून? जानेवारी १९३५ मध्ये न्यायालयाने ‘पनामा रिफायनिंग’ खटल्यात सरकारच्या विरोधात निकाल दिला. त्याच वर्षी जुलैत फेडरल रजिस्टरचा कायदा झाला आणि १४ मार्च १९३६ ला पहिला अंक निघाला. नियम करण्याआधी लोकांना विचारलं पाहिजे ही सक्ती त्यानंतर दहा वर्षांनी, १९४६ च्या प्रशासकीय प्रक्रिया कायद्याने आली.

छापण्याच्या या सोयीला एक कडक बाजूही आहे. आयडाहोच्या मेरिल नावाच्या शेतकऱ्यांनी सरकारी महामंडळाकडून गव्हाचा विमा उतरवला होता. स्थानिक कार्यालयाने सांगितलं की तुमचं पीक विम्यात बसतं. दुष्काळाने पीक गेलं, तेव्हा महामंडळ म्हणालं की दुबार पेरणीचं पीक बसत नाही, तसं राजपत्रात छापलं आहे. १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी महामंडळाची बाजू उचलून धरली. राजपत्रात छापलं म्हणजे सगळ्यांना कळलं, असं कायदा धरून चालतो. तुम्ही ते वाचलं होतं का, हे विचारलं जात नाही. शेतात राबणाऱ्या माणसाला राजपत्र ठाऊक असतं असं मानणं हास्यास्पद आहे, असं न्यायमूर्ती जॅक्सन यांनी विरोधी मतात लिहून ठेवलं. मला त्यांचंच म्हणणं पटतं. पण कायदा आजही बहुमताच्या बाजूने उभा आहे.

आता अंक उघडू. त्यात राष्ट्राध्यक्षांचे आदेश, पक्के नियम, प्रस्तावित नियम आणि नोटिसा असे चार भाग असतात. पक्का नियम साधारणपणे छापल्यापासून किमान ३० दिवसांनी लागू होतो, आर्थिक परिणाम फार मोठा असेल तर ६० दिवसांनी. सामान्य माणसाने सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते प्रस्तावित नियमांकडे आणि नोटिसांकडे, कारण तिथे अजून काही ठरायचं असतं. नियमांच्या मजकुरावर ‘एजन्सी’, ‘ॲक्शन’, ‘समरी’, ‘डेट्स’, ‘ॲड्रेसेस’ अशी ठरलेली शीर्षकं असतात. ‘ॲक्शन’ची एक ओळ वाचली की कळतं हा प्रस्ताव आहे, पक्का नियम आहे की नुसती मुदतवाढ. त्याखालची ‘डेट्स’ची ओळ दोनदा वाचावी. लागू होण्याची तारीख आणि म्हणणं देण्याची तारीख वेगळ्या असतात, आणि दूरसंचाराच्या प्रकरणांत आणखी एक तारीख असते: इतरांनी जे म्हटलं त्याला उत्तर देण्याची.

एक प्रकार अलीकडे जास्त दिसतो, त्याकडे मुद्दाम लक्ष द्या. ‘डायरेक्ट फायनल रूल’ असं लिहिलं असेल तर आधी प्रस्ताव छापलेलाच नसतो, थेट नियम छापलेला असतो. ठरलेल्या तारखेपर्यंत गंभीर आक्षेप आला नाही तर तो आपोआप लागू होतो. २०२५ मध्ये ऊर्जा खात्याने आणि दूरसंचार आयोगाने, दोघांनीही, जुने नियम काढून टाकण्यासाठी ही वाट वापरली. इथे कुणी काही लिहिलं नाही तर त्याचा अर्थ संमती असाच धरला जातो.

विजेच्या नोटिसा बहुतेक येतात फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनकडून, ज्याला सगळे फर्क म्हणतात. पाच आयुक्त, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत. राज्याराज्यांतून जाणाऱ्या वीजवाहिन्या, घाऊक वीजबाजार, आंतरराज्य गॅसवाहिन्या, जलविद्युत प्रकल्पांचे परवाने हे सगळं फर्ककडे. तुमच्या घरचा किरकोळ दर राज्याचा आयोग ठरवतो. त्या दराखालचा घाऊक भाव मात्र फर्कच्या नियमांनी चालतो.

फर्कची सगळ्यात रुक्ष नोटीस म्हणजे ‘कंबाइंड नोटीस ऑफ फायलिंग्ज’. वर ‘टेक नोटीस’ अशी सुरुवात, खाली डॉकेट क्रमांक (म्हणजे त्या प्रकरणाच्या फाइलीचा क्रमांक), अर्जदार, दोन ओळींचं वर्णन, आणि ‘कॉमेंट डेट’, वेळ पूर्वेकडच्या घड्याळाने सायंकाळी ५. बहुधा २१ दिवसांची मुदत. वाचून काही कळत नाही. पण न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्यांना २०२५ च्या जूनमध्ये जी बिलं आली, ती आठवून बघा. १३ राज्यं आणि वॉशिंग्टन शहराला वीज पुरवणाऱ्या पीजेएम या ग्रिडमध्ये ‘क्षमता’ आधी लिलावाने विकत घेतली जाते. म्हणजे गरज पडेल तेव्हा तयार राहण्यासाठी वीजकेंद्रांना पैसे दिले जातात. जुलै २०२४ च्या लिलावात हा भाव मेगावॉटमागे दिवसाला २८.९२ डॉलरवरून २६९.९२ डॉलरवर गेला. न्यू जर्सीतली घरगुती बिलं त्यामुळे सुमारे १७ ते २० टक्क्यांनी वाढली. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शपिरो यांनी डिसेंबर २०२४ मध्ये फर्ककडे तक्रार केली, पीजेएमने तडजोड करून पुढच्या दोन लिलावांसाठी कमाल आणि किमान भावाची मर्यादा मांडली आणि एप्रिल २०२५ मध्ये फर्कने ती मंजूर केली. जुलै २०२५ चा लिलाव ३२९.१७ डॉलरवर, थेट त्या कमाल मर्यादेला जाऊन टेकला. मर्यादा नसती तर भाव किती वर गेला असता, याचा अंदाज यावरून येतो. त्या मर्यादेचा अर्जही अशाच एका डॉकेट क्रमांकाखाली दाखल झाला होता, आणि त्यावर म्हणणं द्यायला कुणालाही मुभा होती.

इथे वेळेचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. दर बदलण्याच्या अर्जावर फर्कने ६० दिवसांत काहीच ठरवलं नाही, तर तो दर कायद्याने आपोआप लागू होतो.

फर्कच्या बाबतीत लोक सर्वात जास्त फसतात ते एका फरकापाशी. म्हणणं देणं वेगळं आणि पक्षकार होणं वेगळं. तुमच्या शेतातून गॅसवाहिनी जाणार आहे, तुम्ही चार पानी पत्र लिहिलंत, ते नोंदलं गेलं. पण तुम्ही ‘इंटरव्हेन्शन’चा, म्हणजे पक्षकार करून घेण्याचा अर्ज केला नसेल तर निकाल विरोधात गेल्यावर हाती काही उरत नाही. फेरविचाराची मागणी फक्त पक्षकार करू शकतो, तीही ३० दिवसांच्या आत, आणि ती केल्याशिवाय अपिलात जाता येत नाही. हा अर्ज करायला वकील लागत नाही, शुल्क नाही. आपला या प्रकरणाशी काय संबंध आहे ते सरळ भाषेत लिहायचं. गॅसवाहिनीच्या फाइलचा क्रमांक ‘सीपी’ने सुरू होतो, दराच्या अर्जाचा ‘ईआर’ने, तक्रारीचा ‘ईएल’ने, जलविद्युत प्रकल्पाचा नुसत्या ‘पी’ने. धरणाचा परवाना ३० ते ५० वर्षांसाठी मिळतो, तेव्हा नदीकाठच्या गावाला बोलायची संधी पिढीतून एकदाच येते.

फर्क आणि दूरसंचार आयोग, दोघांकडूनही आणखी एका जातीच्या नोटिसा सतत येतात आणि सगळे त्या ओलांडून पुढे जातात: ‘इन्फर्मेशन कलेक्शन’. सरकारला दहा किंवा अधिक लोकांकडून वा कंपन्यांकडून एखादा फॉर्म भरून घ्यायचा असेल, तर कागदपत्रांचा बोजा कमी करण्याच्या कायद्याखाली आधी ६० दिवस आणि मग पुन्हा ३० दिवस लोकांना विचारावं लागतं, आणि व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. फॉर्म भरायला किती तास लागतील याचा अंदाजही छापावा लागतो. दिसायला कारकुनी. पण कंपनीकडून कोणती माहिती घ्यायची आणि कोणती सोडायची हे इथे ठरतं, आणि जी माहिती घेतली जात नाही तिच्यावर पुढे कुणी बोटही ठेवू शकत नाही. शिवाय ही मंजुरी येईपर्यंत मंजूर झालेला नियमही थांबून राहतो. इंटरनेट जोडणीच्या खऱ्या किमतीचं लेबल हे त्याचं उदाहरण. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर पोषणमूल्यांची चौकट असते तशी ही चौकट: महिन्याचा दर, वरचे आकार, वेग, डेटाची मर्यादा. २०२१ च्या कायद्याने ती सक्तीची केली, दूरसंचार आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम केला. मंजुरीची वाट बघत मोठ्या कंपन्यांसाठी ती प्रत्यक्षात लागू झाली १० एप्रिल २०२४ ला आणि लहान कंपन्यांसाठी १० ऑक्टोबर २०२४ ला. ‘नियम झाला’ ही बातमी वाचून दुसऱ्या दिवशी लेबल शोधणाऱ्यांना ते का दिसलं नाही, याचं उत्तर असल्याच एका नोटिशीत होतं.

दूरसंचाराचा कारभार १९३४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या एफसीसीकडे, म्हणजे वर आलेल्या दूरसंचार आयोगाकडे आहे. तिथे आधी नुसती चौकशीची नोटीस निघू शकते, मग नियमाच्या प्रस्तावाची, आणि शेवटी ‘रिपोर्ट अँड ऑर्डर’. आयोगाच्या बैठकीत प्रस्ताव मंजूर झाल्याची बातमी येते, पण म्हणणं देण्याची मुदत बहुधा फेडरल रजिस्टरमध्ये छापल्यापासून मोजतात, त्यामुळे बातमीनंतर काही आठवडे जाऊ शकतात. शेवटचा आदेशही शेवटचा ठरेलच असं नाही. जाहिरातींच्या फोनसाठी प्रत्येक कंपनीला वेगळी संमती लागेल, हा २०२३ च्या डिसेंबरमधला नियम २७ जानेवारी २०२५ ला लागू होणार होता. तीन दिवस आधी अकराव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने तो रद्द केला.

‘लाखो लोक लिहितात, माझ्या एका पत्राने काय होणार?’ हा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. नेट न्यूट्रॅलिटीच्या प्रकरणात त्याचं उत्तर सापडतं. इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या मजकुराला सारखंच वागवावं, हा २०१५ चा नियम मागे घेण्याचा प्रस्ताव २०१७ मध्ये आला. दोन कोटी वीस लाखांहून जास्त प्रतिक्रिया आल्या. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने चौकशी करून मे २०२१ मध्ये सांगितलं की त्यातल्या सुमारे एक कोटी ऐंशी लाख खोट्या होत्या. पंच्याऐंशी लाखांच्या आसपास प्रतिक्रिया ब्रॉडबँड उद्योगाच्या पैशातून खऱ्या लोकांची नावं त्यांच्या नकळत वापरून तयार झाल्या होत्या, आणि सत्त्याहत्तर लाख तर एकट्या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने बनावट नावांनी पाठवल्या होत्या. लोकांच्या हक्काची ही चोरी होती, आणि ती आठवली की आजही संताप येतो.

पण इथे डोकी मोजून निर्णय होत नाही. आलेल्या महत्त्वाच्या मुद्द्याचा विचार केला आणि त्याला उत्तर दिलं, हे संस्थेला दाखवावं लागतं. नाही तर न्यायालय विचारतं. कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा काउंटीने, म्हणजे सनीव्हेल आणि क्युपर्टिनोच्या आपल्या ओळखीच्या भागाने, सार्वजनिक सुरक्षेचा मुद्दा मांडला होता: आगीत, आपत्तीत इंटरनेटचा वेग कमी केला तर काय होईल? ऑक्टोबर २०१९ मध्ये मोझिला विरुद्ध एफसीसी खटल्यात न्यायालयाने नियम मागे घेण्याचा आयोगाचा आदेश बराचसा टिकवला, पण सार्वजनिक सुरक्षेसह तीन मुद्द्यांचा आयोगाने नीट विचार केला नाही म्हणून ते परत पाठवले. कोट्यवधी छापील पत्रांना जे जमलं नाही ते आपल्या कामातून आलेल्या एका नेमक्या मुद्द्याला जमलं.

आणि सुरुवात नेहमी सरकारनेच करावी असंही नाही. नवा नियम करा, जुना बदला, अशी याचिका कुणीही करू शकतो. वॉशिंग्टन शहरातल्या मार्था राइट या निवृत्त नर्स. त्यांचा नातू तुरुंगात होता, घरापासून लांब, आणि त्याच्याशी फोनवर बोलायचा खर्च त्यांना झेपत नव्हता. त्या न्यायालयात गेल्या, न्यायालयाने आयोगाकडे पाठवलं, २००३ मध्ये आयोगाकडे याचिका दाखल झाली. आयोगाने दर बांधून दिले ते २०१३ मध्ये. २०१५ मध्ये त्या वारल्या. २०१७ मध्ये न्यायालयाने नियमाचा मोठा भाग काढून टाकला, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदाच केला, त्यांचं नाव देऊन, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यावर सही झाली. जुलै २०२४ च्या आदेशाने मोठ्या तुरुंगांतला १५ मिनिटांचा फोन, जो ११.३५ डॉलरपर्यंत जात होता, ९० सेंटवर आणला. २०२५ मध्ये आयोगाने आधी मुदती पुढे ढकलल्या आणि मग ऑक्टोबरमध्ये मर्यादा पुन्हा वाढवल्या. या प्रत्येक पायरीला राजपत्रात एक नोटीस आहे, आणि पुढचीही येईल.

तुम्ही लिहायला बसाल तेव्हा आधी डॉकेट क्रमांक लिहा, तो चुकला तर पत्र भलत्याच फाइलीत जातं. संघटनेचा तयार मजकूर चिकटवू नका. तुमचं बिल, तुमच्या गावातला वीजपुरवठा, दुकानात येणारे फोन, म्हाताऱ्या आईच्या फोनवर येणारे फसवे कॉल, यातलं जे तुम्हाला स्वतःला ठाऊक आहे ते आकड्यांसह लिहा आणि नियमातलं कोणतं वाक्य बदलावं ते सांगा. एक पान पुरतं. आणि एक काळजी घ्या: तुमचं पत्र जसंच्या तसं जगाला दिसतं. बिल जोडलंत तर खाते क्रमांक खोडा. जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी क्रमांक, व्हिसाचे तपशील यातलं काहीही घालू नका.

नोटिशीत ‘फॉर फर्दर इन्फर्मेशन कॉन्टॅक्ट’ असं दिसलं तर तिथे एका अधिकाऱ्याचं नाव आणि फोन असतो. निकाल काय लागेल हे ते सांगणार नाहीत, पण ही नोटीस माझ्या भागाला लागू होते का, माझी मुदत नक्की कधी संपते, हे विचारता येतं. फर्कमध्ये २०२१ पासून लोकसहभागाचं स्वतंत्र कार्यालय आहे. पक्षकार कसं व्हायचं, कागद कुठे भरायचे हे ते फुकट समजावतात. एखाद्या डॉकेटमध्ये नवीन काही आलं की ईमेल यावा अशी नोंदणीही फर्कच्या संकेतस्थळावर करता येते, आणि फेडरल रजिस्टरवर विषयानुसार तशीच सोय आहे.